पांडवांनी एकही लेणं खोदलं नाही

माझं पहिलं ऑफिस अंधेरीत, सीप्झच्या गेटाजवळ होतं. तीन वर्षं मी तिथं काम केलं. त्या काळात ‘महाकाली केव्हज’ अशी पाटी लावलेल्या बेस्टच्या गाड्या शेकडो वेळा डोळ्यांसमोरून गेल्या. आमच्या टीममधली अर्धी पोरं महाकाली केव्हज रोडच्या आसपास भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. पिझ्झा मागवताना, कुरिअरचा पत्ता देताना, रिक्षा बुक करताना रोज ‘केव्हज’ हा शब्द टाइप व्हायचा. पण तिथं खरोखरच लेणी आहेत, ती १९ आहेत, त्यातली सगळ्यांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि ती बौद्ध आहेत, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात काहीच काम नव्हतं, म्हणून एका दुपारी गेलो. चारही बाजूंनी इमारती, वरून विमानांचा आवाज, आणि मध्ये ही काळी टेकडी. नवव्या लेण्यात गेलो. आत एक गोल खोली कोरलेली आहे, एखाद्या झोपडीसारखी. तिला दगडातच जाळीच्या खिडक्या आहेत, आणि खोलीच्या आत स्तूप. एक बाई तिच्या लहान मुलीला घेऊन तिथं हात जोडून उभी होती. बाहेर तीन कॉलेजची मुलं रील बनवत होती. त्यातला एक मोबाइलकडे बघून म्हणाला, “मित्रांनो, पांडवांनी वनवासात असताना एका रात्रीत खोदलेली ही रहस्यमय लेणी…”

ती बाई मागे वळली, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मुलीचा हात धरून पायऱ्या उतरून गेली. काही बोलली नाही.

मला त्या मुलांचा राग आला. मग लक्षात आलं की ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मी स्वतः ते बोललेलो आहे.

मी भोर तालुक्यातला. आजोळ वेल्ह्याचं. आमच्याकडे जे जुनं, जे दगडी आणि जे कुणी बांधलं ते ठाऊक नाही, ते सगळं पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं. पूर्ण झालेलं नसेल तर कोंबडा आरवला म्हणून राहिलं. आजीनं मला हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की लहानपणी मला कोंबड्यांचाच राग यायचा.

आठवीत असताना आमची सहल शिरवळच्या लेण्यांना गेली. नीरा ओलांडली की भोर संपतं आणि सातारा जिल्ह्यातला खंडाळा तालुका लागतो. तिथल्या डोंगरात १५ लेणी आहेत. एक चैत्यगृह, बाकीचे विहार. चैत्यगृहात साधा, काहीही नक्षी नसलेला स्तूप आहे. सरांनी सांगितलं, “ही पांडवांची लेणी. पांडव इथं राहायला होते.” माझ्या बाकावर बसणारा माझा मित्र म्हणाला, “सर, माझी आई म्हणते ही बुद्धाची आहेत. आम्ही पौर्णिमेला येतो इथं.” सर म्हणाले, “आता इथंही जात आणू नकोस.” वर्ग हसला. मी पण हसलो. नंतर स्तूपाला टेकून, पाय पसरून आम्ही काही जणांनी फोटो काढून घेतला. मित्र त्या फोटोत नाही. तो बाहेर टाक्याजवळ बसला होता.

फोटो अजून माझ्याकडे आहे. हा लेख मी त्याच्याकडे बघून लिहितोय.

आता मुद्द्यावर येतो. पांडवांनी एकही लेणं खोदलं नाही. हे माझं मत नाही. ज्यांनी लेणी खोदली, खोदवली, त्यासाठी पैसे दिले, त्यांनी आपली नावं तिथंच लिहून ठेवली आहेत. आणि ती नावं वाचली की कळतं, आपण पांडव म्हणतो तेव्हा नेमकं कुणाला खोडतो.

कार्ल्याला जा. तिथला शिलालेख सांगतो, की वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठनं हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह पूर्णत्वाला नेलं. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी, असं अभ्यासक मानतात. पण भूतपाल एकटा नव्हता. खांबाखांबावर वेगवेगळ्या देणगीदारांची नावं आहेत. त्यात धेनुकाकट या गावचे यवन आहेत, म्हणजे ग्रीक मुळाचे किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. दर्शनी दाराच्या कामासाठी दान देणाऱ्यांत एक अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणारा आहे. आणि दाराचं काम करणारा सुतारही आहे, त्याच्या आणि त्याच्या बापाच्या नावासकट. सामी, वेणुवासाचा मुलगा. दोन हजार वर्षांपूर्वीचा सुतार. माझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव मला माहीत नाही, या माणसाच्या बापाचं नाव मला माहीत आहे.

रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत जा. देणगीदारांत एक माळी, म्हणजे फुलांचे हार करणारा आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहेत. जुन्नरला जा. तिथं धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलंय. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेण्यांची नावं तिथं आहेत. श्रेणी म्हणजे त्या काळची व्यावसायिकांची संघटना. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या दुसऱ्या यवनानं जेवणाचा मंडप दिला. मुंबईच्या कान्हेरीत कल्याणच्या एका लोहारानं चक्क वाट दान दिली आहे. लेणं देण्याइतके पैसे नसतील, म्हणून त्यानं लोकांना लेण्यापर्यंत नेणारी पायवाट दिली.

आणि नाशिक. तिथल्या दहाव्या लेण्यातल्या लेखात नहपानाचा जावई उषवदात याच्या देणगीचा हिशेब आहे. त्यानं ३००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या कपड्यांचा आणि इतर गरजांचा खर्च करायचा. थोडक्यात एफडी. व्याजदर, रक्कम, कुणाकडे ठेवली, कशासाठी ठेवली, सगळं भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं.

यात रहस्य कुठं आहे? एका रात्रीत कुठं आहे? कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहातल्या लेखात तर दगड घडवणाऱ्यांपासून तो घासून गुळगुळीत करणाऱ्यांपर्यंत कारागिरांचे वेगवेगळे प्रकार नोंदवलेत. कामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूचंही नाव आहे. अर्धवट लेण्यांत जाऊन छिन्नीच्या खुणा बघा. छताकडून सुरुवात करून खाली उतरत गेलेलं काम तिथं थांबलेलं दिसतं. कोंबडा आरवला नाही. पैसे संपले असतील, दगडात भेग लागली असेल, देणगीदार गेला असेल. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रोजेक्टची कारणं हीच असतात. आमच्या धंद्यातही.

आमच्या धंद्यातलंच एक उदाहरण देतो. कोडमध्ये कुणी काय बदल केला याची नोंद आपोआप राहते. कोणती ओळ कुणी लिहिली, कोणत्या तारखेला, कशासाठी. समजा उद्या एखाद्या मॅनेजरनं ही सगळी नोंद पुसली, ४० लोकांनी सहा वर्षं लिहिलेल्या कोडवर एकच नाव टाकलं आणि सांगितलं, की हे आमच्या संस्थापकांनी एका रात्रीत लिहिलं. तुम्ही काय कराल? लिंक्डइनवर बोंब माराल. आणि बरोबर कराल. ‘पांडव लेणी’ ही पाटी नेमकं हेच करते. माळी, सुतार, लोहार, बुरूड, विणकर, भिक्षुणी, परदेशी व्यापारी यांची नावं पुसते आणि तिथं पाच राजपुत्रांची नावं टाकते. लेण्यात ज्या बुद्धासाठी हे सगळं झालं, त्याचं नाव तर आधीच गेलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्याच घरातून येतो. आजीनं प्रेमानं सांगितलेली गोष्ट आहे रे, तिला काय ब्राह्मी वाचता येत होती?

नाही येत. आणि आजीला माझा काहीच दोष नाही. ब्राह्मी लिपी शेकडो वर्षं कुणालाच वाचता येत नव्हती. डोंगरात एवढं मोठं काम दिसतंय, भिंतीवर अक्षरं दिसतायत आणि ती कुणालाच लागत नाहीत, तर माणसं गोष्ट रचणारच. पांडव ही त्या न कळण्याला दिलेली गोष्ट होती, आणि ती वाईट नव्हती. पण १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ही लिपी वाचली. कशी वाचली ते ऐका. सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच तीच अक्षरं येतायत हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं अंदाज केला, की ही देणगीदारांची नावं असणार आणि शेवटचा शब्द ‘दानं’ असणार. तो बरोबर निघाला. म्हणजे ही लिपी आपल्याला परत मिळाली तीच मुळात एकेक खांब, एकेक फरशी दान देणाऱ्या साध्या माणसांच्या नावांमुळे. १८८१ साली जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख वाचून पुस्तकात छापलेसुद्धा.

म्हणून आजी निर्दोष आहे. १८८१ नंतर शाळेत शिकलेला, शिकवणारा, पाटी लावणारा आणि ४जी असलेला माणूस निर्दोष नाही. त्याला न कळण्याची सोय उरलेली नाही. त्याला कळून घ्यायचं नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप शहाण्या माणसांचा असतो. नावात काय आहे? लेणी तीच, डोंगर तोच.

हे मला तरी सांगू नका, मी भोर-वेल्ह्याचा आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. त्या दिवशी आमच्या गावच्या ग्रुपवर शेकडो मेसेज आले. राजगड ही शिवरायांची पहिली राजधानी, ती ज्या तालुक्यात आहे त्याला तिचं नाव असावं, असं माणसं वर्षानुवर्षं सांगत होती. भाटघरचं धरण इंग्रजांनी बांधलं, त्याला लॉईड यांचं नाव दिलं. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, आणि ते घेताना आमची छाती फुगते. मलाही आनंदच आहे. पण मग एक गोष्ट मान्य करा. नावात काय आहे, असं आपल्यातलं कुणीच मानत नाही. आपल्या नावाच्या बाबतीत आपण पेटून उठतो आणि दुसऱ्याच्या नावाच्या बाबतीत तत्त्वज्ञ होतो. माझा मित्र आठवीत एवढंच म्हणाला होता, की या जागेला तिच्या नावानं हाक मारा. त्याची जात निघाली. आम्ही नाव बदलून घेतलं, तेव्हा तो इतिहास ठरला.

आणि नाशिकच्या बाबतीत तर नवं नाव शोधायचीही गरज नाही. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात त्या डोंगराचं नाव दिलंय. तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. पुळुमावीच्या १९व्या वर्षी, त्याच्या आजीनं, आपल्या मुलाच्या पराक्रमाचं वर्णन करत हे लेणं भिक्षुसंघाला दिलं. एका आजीनं कोरून ठेवलेलं नाव आहे ते. आजीचंच ऐकायचं असेल, तर मग हिचंही ऐका.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गोड असतो. ही लेणी सगळ्यांची आहेत, त्यांना एका धर्माचं लेबल कशाला लावता?

सगळ्यांची आहेत हे मला शंभर टक्के मान्य आहे. अंधेरीच्या त्याच नवव्या लेण्यात एक झिजलेला लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणानं आपल्या भावासह विहार दान दिल्याची ती नोंद आहे. ब्राह्मण बौद्ध भिक्षूंना विहार देतोय, यवन जेवणाचा मंडप देतोय, शक घराण्याचा जावई विणकरांकडे ठेव ठेवतोय. यापेक्षा जास्त ‘सगळ्यांचं’ काय असतं? पण त्या सगळ्यांनी ते कुणाला दिलं, हेही त्यांनीच लिहिलंय. भिक्षुसंघाला. ‘सगळ्यांचं’ म्हणताना ते वाक्य गाळायचं, ही सगळ्यांना सामावून घेण्याची पद्धत नव्हे. एखाद्याच्या घरात राहायला जाऊन दारावरची त्याची पाटी काढायची आणि ‘आपण सगळे एकच’ म्हणायचं, तसलं ते आहे.

मी कुणाची पूजा बंद करा म्हणत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी-आग्री माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं येतात, नवस फेडतात. जुन्नरजवळ लेण्याद्रीला अष्टविनायकातला गणपती ज्या गाभाऱ्यात आहे, तो एका बौद्ध विहारात आहे. दोन हजार वर्षांच्या जागेत माणसं येत-जात राहणार, देव बदलत राहणार. त्यात वावगं काही नाही. एकवीरेला नारळ फोडणाऱ्याला शेजारच्या चैत्यगृहात वाकून ‘हे बुद्धाचं’ म्हणायला काहीच अडचण नाही. एकवीरा रागावणार नाही. अडचण असते ती पाटीवर ते लिहिणाऱ्याला आणि वर्गात ते सांगणाऱ्याला.

कारण खरी भीती वेगळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्याआधी बुद्ध हा आपल्याला पुस्तकातला, परदेशातला, शांत चेहऱ्याचा शोपीस म्हणून चालत होता. त्यानंतर बुद्ध म्हणजे गावातल्या त्या वस्तीतला बुद्ध झाला. डोंगरातली लेणी बुद्धाची म्हणायची, तर गावातली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत देखणी वास्तू ज्याच्या नावाशी जोडली जाते, त्याला वंदन करणारी माणसं गावाच्या कडेला राहतात, हे कबूल करावं लागतं. पांडव म्हटलं की ते टळतं. सरांना तेच टाळायचं होतं. त्यांना कदाचित ते स्वतःलाही कळलं नसेल. पण वर्गातल्या आम्हा सगळ्यांना ते बरोबर कळलं, म्हणून तर आम्ही हसलो.

आता कुणी म्हणेल, शिरवळचं बोल. तिथं असे लेख कुठं आहेत? मलाही तिथं एकही वाचता येईल असा लेख दिसला नाही. मग तिथली जागा रिकामी ठेवा. ‘कारागिरांची नावं उपलब्ध नाहीत’ असं लिहा. चैत्यगृह आहे, स्तूप आहे, भिक्षूंच्या खोल्या आहेत. ते कशासाठी होतं हे सांगायला नाव लागत नाही. नाव माहीत नसणं हा कुणाचा अपमान नाही. रिकाम्या जागी आपल्या सोयीचं नाव भरणं हा आहे.

मला काय हवंय ते सांगून थांबतो. फार मोठं काही नाही. प्रत्येक लेण्याबाहेर, तिथल्या शिलालेखाचं मराठी भाषांतर असलेली पाटी हवी. ‘इ. स. पूर्व दुसरे शतक, हीनयान’ एवढ्यावर भागवणारी नको, ‘हे दार सामी नावाच्या सुतारानं केलं’ असं सांगणारी हवी. भोर, वेल्हे, जुन्नर, मावळच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला निघायच्या आधी वर्गात सांगितलं गेलं पाहिजे, की आपण कुठं चाललोय आणि ते कुणाचं आहे. आणि जो हा लेख फोनवर वाचतोय, त्यानं पुढच्या ट्रेकची रील टाकताना ‘पांडवकालीन’, ‘रहस्यमय’, ‘एका रात्रीत’ हे शब्द खोडून तिथं एका देणगीदाराचं नाव लिहावं. व्ह्यूज कमी येतील, येऊ देत.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मित्राला फोन केला. तो आता शिरवळच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. म्हटलं, लेण्यांवर जाऊ. तो म्हणाला, “आता का आठवलं तुला?” मी फोटोचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “तो फोटो आहे होय अजून? मला वाटलं मीच विसरलो नाही.”

रविवारी त्याच्या सुट्टीला आम्ही गेलो. त्याची आई पण आली. मावशींनी चैत्यगृहाबाहेर चपला काढल्या, म्हणून मी पण काढल्या. आत मोबाइलच्या टॉर्चशिवाय काही दिसत नव्हतं. स्तूपावर कुणीतरी खिळ्यानं आपलं आणि आपल्या मैत्रिणीचं नाव कोरलं होतं, बाजूला बाण मारलेलं बदाम. मावशींनी पदरानं ते पुसून पाहिलं. जाणार नव्हतंच. मग त्या मला म्हणाल्या, “बाळा, तू शिकलेला आहेस. इथं एक बोर्ड लावता येतो का, कुणाला अर्ज करायचा असतो?”

मी म्हटलं, बघतो. अर्ज लिहून झालाय. त्यावर सह्या हव्या आहेत, आणि पहिली सही मी त्या फोटोतल्या बाकीच्या मुलांकडे मागणार आहे.